टॅब कळ आणि आज्ञेचे ज्ञान : शेलमधील पर्यायपूर्तीचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

संगणकाच्या इतिहासात यंत्रे, कंपन्या आणि संशोधक यांच्याविषयी विपुल लेखन झाले आहे. कळफलकावरील एखाद्या कळीच्या इतिहासाकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. टर्मिनलवर आज्ञा लिहिताना वापरकर्ता दोन-तीन अक्षरे लिहून टॅब कळ दाबतो आणि उरलेला शब्द आपोआप पुरा होतो. ही सोय आज इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागे काही व्यवस्था असेल, याची जाणीवही उरत नाही. फाइलचे नाव पुरे होणे आणि प्रोग्रामचा पर्याय पुरा होणे या दोन्ही गोष्टी वरकरणी सारख्याच दिसतात. वस्तुतः त्यांत मूलभूत भेद आहे. फाइलींची नावे डिस्कवर नोंदलेली असतात आणि शेल ती केव्हाही वाचू शकतो. प्रोग्राम कोणते पर्याय स्वीकारतो, हे ज्ञान मात्र त्या प्रोग्रामच्या पोटात दडलेले असते. हे ज्ञान कोणी जपायचे, वापरकर्त्याने, शेलने की प्रोग्रामने, या प्रश्नाला वेळोवेळी मिळालेल्या उत्तरांचा आढावा घेणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

टेनेक्स आणि टॉप्स-२० : प्रणालीने घेतलेली जबाबदारी

आज्ञापूर्तीच्या कल्पनेचे मूळ युनिक्समध्ये नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील ‘प्रोजेक्ट जिनी’ने १९६० च्या दशकात एसडीएस-९४० या संगणकासाठी कालविभाजन प्रणाली विकसित केली. या प्रणालीत आज्ञेची ओळख पटण्याइतकी अक्षरे लिहिली जाताच उरलेला शब्द यंत्र स्वतःच पुरा करी. यात एक अडचण होती. वेगाने टंकलेखन करणाऱ्याची पुढची अक्षरे या पूर्ण झालेल्या शब्दामागे विनाकारण जोडली जात.

केंब्रिज (मॅसॅच्युसेट्स) येथील बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीत पीडीपी-१० संगणकासाठी ‘टेनेक्स’ ही प्रणाली तयार झाली. तिची माहिती बॉब्रो, बर्चफिएल, मर्फी आणि टॉमलिन्सन यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात आढळते. टेनेक्सने वरील अडचणीवर साधा तोडगा काढला : वापरकर्त्याने एस्केप कळ दाबली तरच शब्द पुरा करायचा. पूर्ती ही यंत्राची घाई न राहता वापरकर्त्याची मागणी ठरली. आजची टॅब कळ याच तत्त्वावर चालते.

डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९७६ मध्ये टेनेक्सवर आधारित ‘टॉप्स-२०’ ही प्रणाली बाजारात आणली. तिच्यात आज्ञा वाचण्याचे काम एका सामाईक प्रणाली-सेवेकडे सोपविण्यात आले. प्रोग्रामने फक्त आपली अपेक्षा सांगायची : या ठिकाणी या तक्त्यातील एखादा शब्द हवा, येथे संख्या हवी, येथे फाइलचे नाव हवे. शब्द पुरा करणे आणि प्रश्नचिन्ह दाबल्यावर उपलब्ध पर्यायांची यादी दाखविणे, ही कामे प्रणाली करी. परिणामी ही सेवा वापरणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला पूर्तीची सोय विनासायास लाभत असे. पर्यायांची नोंद एकच होती. आज्ञा तपासायची तीवरूनच आणि मदत द्यायची तीही तीवरूनच.

युनिक्स : ज्ञानाची फारकत

बेल प्रयोगशाळेतील युनिक्सने निराळा मार्ग पत्करला. शेल हा इतर प्रोग्रामांसारखाच एक प्रोग्राम. त्याने ओळ वाचावी, शब्द वेगळे करावेत आणि ते प्रोग्रामच्या स्वाधीन करावेत. त्या शब्दांचा अर्थ प्रोग्रामने लावायचा. या फारकतीमुळे कोणालाही नवा प्रोग्राम सहज जोडता आला आणि युनिक्सचा विस्तार झाला. तिची किंमतही मोजावी लागली. ‘आर’ हे एकच अक्षर फाइलींची यादी दाखविणाऱ्या ‘एलएस’मध्ये उलटा क्रम दर्शविते, तर फाइली पुसून टाकणाऱ्या ‘आरएम’मध्ये अंतर्भूत साऱ्या फोल्डरांसह पुसण्याचा आदेश ठरते. हा फरक शेलला ठाऊक नव्हता. तो वापरकर्त्याने पाठ करायचा होता.

पर्याय वाचण्याची पद्धत ‘गेटऑप्ट’ या उपकरणाने बरीचशी एकसारखी झाली. एटी अँड टीने त्याचे एक रूप १९८५ मध्ये सर्वांसाठी खुले केले. परंतु गेटऑप्टचे काम प्रोग्राम सुरू झाल्यानंतरचे. आज्ञा लिहिली जात असताना त्याचा उपयोग नव्हता. पुढे ग्नू प्रकल्पाने दोन आडव्या रेघांनी सुरू होणारे लांब पर्याय रूढ केले. अर्थ स्पष्ट झाला, पण टंकलेखन वाढले. पर्यायपूर्तीची गरज तीव्र होण्यामागे हे एक महत्त्वाचे कारण मानावे लागेल.

दरम्यान १९८० च्या दशकाच्या आरंभी केन ग्रीअर यांनी टेनेक्सच्या धर्तीवरील नावपूर्ती सी शेलला जोडली. ‘टीसी शेल’ या नावातील ‘टी’ हे अक्षर टेनेक्सचेच ऋण सांगते. तथापि तेथे प्रामुख्याने फाइल व आज्ञा यांची नावे पुरी होत. पर्यायांचा प्रश्न कायम राहिला.

दुसरी नोंद आणि तिचे सांभाळणारे

शेलला प्रोग्रामचे अंतरंग दिसत नसेल, तर त्याच्यासाठी वेगळी नोंद लिहून ठेवावी, हा उपाय पुढे आला. टीसी शेलमध्ये ‘कम्प्लीट’ ही अंतर्गत आज्ञा आली. १९९० मध्ये पॉल फॉल्स्टॅड यांनी सुरू केलेल्या झेड शेलच्या ४.० आवृत्तीत (२००१) पूर्तीची विस्तृत व्यवस्था होती. ब्रायन फॉक्स यांनी आरंभ केलेल्या आणि चेट रॅमी यांनी पुढे सांभाळलेल्या बॅश शेलच्या २.०४ आवृत्तीत २००० मध्ये ही क्षमता दाखल झाली.

तिची कार्यपद्धती अशी : टॅब दाबताच शेल ओळीतील पहिला शब्द पाहून त्या आज्ञेसाठी नोंदलेले फंक्शन शोधतो. आतापर्यंत लिहिलेले शब्द त्याला पुरवतो. फंक्शन संभाव्य शब्दांची यादी परत करते. यादीत एकच शब्द असेल तर तो पुरा होतो. अनेक असतील तर सामाईक भाग पुरा होतो किंवा यादी दिसते.

फंक्शन लिहायचे कोणी, हा प्रश्न मात्र यंत्राने सुटणारा नव्हता. इयान मॅकडोनल्ड यांनी सुरू केलेल्या ‘बॅश-कम्प्लीशन’ संग्रहात शेकडो आज्ञांसाठी फंक्शने जमा होत गेली. त्यांतील बहुतांश त्या त्या प्रोग्रामच्या कर्त्यांनी नव्हे, तर अन्य स्वयंसेवकांनी लिहिली. येथेच या व्यवस्थेचे दुखणे आहे. मूळ दप्तरात फेरफार झाला तरी आधी काढलेली नक्कल बदलत नाही; त्याचप्रमाणे प्रोग्रामला नवा पर्याय मिळाला तरी पूर्तीच्या फाइलीत तो कोणीतरी लिहीपर्यंत टॅब कळ त्याविषयी मौन पाळते. यादीत न दिसणारा पर्याय अस्तित्वातच नाही, असा समज वापरकर्त्याचा होऊ शकतो.

यावर प्रोग्रामचाच मदत-मजकूर वाचून यादी बनविण्याची युक्ती योजली गेली. तीही निर्धोक नाही. मजकूर मिळविण्यासाठी प्रोग्राम चालवावा लागतो आणि मदतीचा पर्याय न ओळखणारा प्रोग्राम केवळ टॅब दाबल्याने प्रत्यक्ष कामाला लागू शकतो. २००५ मध्ये सुरू झालेल्या फिश शेलने २.० आवृत्तीपासून (२०१३) प्रोग्राम न चालविता त्याच्या माहितीपुस्तिकेतून पर्याय वेचण्याचा मार्ग अवलंबिला.

मूळ नोंदीकडे परत

अलीकडील वाटचाल पुन्हा एकाच नोंदीकडे वळलेली दिसते. ‘गिट’चे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्याचे बॅश-पूर्तीचे लेखन शॉन पिअर्स यांनी २००६ मध्ये केले व त्यात पर्यायांच्या याद्या हाताने लिहिलेल्या होत्या. २०१८ मध्ये गिटच्या अनेक उपआज्ञांना आपले पर्याय स्वतःच सांगणारी अंतर्गत सोय देण्यात आली. नवा पर्याय जोडला की तो पूर्तीतही येऊ लागला. गो भाषेतील ‘कोब्रा’ या लायब्ररीवर उभारलेल्या प्रोग्रामांत शेल एका छुप्या उपआज्ञेद्वारे प्रोग्रामलाच प्रश्न विचारतो.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, पर्यायपूर्तीचा इतिहास हा केवळ सोयीच्या वाढीचा इतिहास नाही. टॉप्स-२० मध्ये सुटलेला प्रश्न युनिक्समध्ये पुन्हा उभा राहिला, कारण तेथे पर्यायांचे ज्ञान शेलपासून वेगळे ठेवले गेले होते; डिजिटलने १९८३ मध्ये ३६-बिट यंत्रांची पुढची पिढी रद्द केली आणि त्या यंत्रांबरोबर टॉप्स-२० ची व्यवस्थाही मागे पडली. चार दशकांनंतर तेच तत्त्व परतले. मात्र एका प्रणालीच्या अधिकाराने नव्हे, तर अनेक लायब्ररींच्या स्वतंत्र प्रघातांनी. सर्व शेल आणि सर्व प्रोग्राम मानतील असा एकच करार आजही झालेला नाही. तोपर्यंत मूळ आणि नक्कल यांतील अंतर भरून काढण्याचे काम पूर्तीच्या फाइली नेटाने लिहिणाऱ्या स्वयंसेवकांकडेच राहणार आहे, आणि संगणकाच्या इतिहासात त्यांच्या श्रमाची नोंद होणे अगत्याचे आहे.