चुना, काजळी आणि बुरशी : तंजावरच्या भित्तिचित्रांची हकिकत

तंजावरचे बृहदीश्वर मंदिर मराठी वाचकाला ठाऊक असते ते बहुधा दुसऱ्या सरफोजीराजांनी १९व्या शतकाच्या आरंभी तेथे कोरवून घेतलेल्या भोसले वंशाच्या प्रदीर्घ मराठी शिलालेखामुळे. त्याच मंदिराच्या गर्भगृहाभोवती, दोन जाड दगडी भिंतींच्या मध्ये, एक अरुंद आणि अंधारा प्रदक्षिणामार्ग आहे. १९३१ साली अण्णामलै विद्यापीठातील इतिहासाचे अध्यापक एस. के. गोविंदस्वामी दिवा घेऊन त्या अंधारात गेले. भिंतींवर १७व्या शतकातील नायक राजवटीची चित्रे होती. परंतु जेथे त्यांचे पोपडे सुटले होते, तेथे खालून वेगळ्याच रेषा आणि वेगळेच रंग डोकावत होते. राजराज चोळाने इ. स. १०१० च्या सुमारास हे मंदिर पूर्ण केले, त्या काळातील चित्रांचा थर अशा रीतीने सुमारे नऊशे वर्षांनी उजेडात आला. शुभ्र हत्तीवरून कैलासाला निघालेले संत सुंदरर, त्रिपुरासुरांवर चालून गेलेला शिव, चिदंबरमच्या नटराजापुढे उभा असलेला राजपरिवार, ही दृश्ये आज भारतीय चित्रकलेच्या प्रत्येक इतिहासग्रंथात आढळतात.

नऊ शतके हा रंग टिकला कसा, हा प्रश्न कलेच्या इतिहासाइतकाच रसायनशास्त्राचाही होता. मद्रासच्या शासकीय संग्रहालयात १९३० मध्ये एक रासायनिक प्रयोगशाळा सुरू झाली होती. कांस्यमूर्तींना लागलेला गंज विद्युत्-रासायनिक पद्धतीने उतरविणे, हे तिचे आरंभीचे काम. तेथील रसायनज्ञ एस. परमशिवन यांनी तंजावरच्या गिलाव्याचे आणि रंगांचे पृथक्करण केले. ग्रॅनाइटच्या भिंतीवर चुना-वाळूचा जाड गिलावा, त्यावर बारीक चुन्याचा पातळ थर, आणि तो ओला असतानाच लावलेला रंग, असा चोळकालीन चित्रांचा क्रम असल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला. या पद्धतीत डिंक किंवा सरस लागत नाही. ओल्या गिलाव्यातील विझविलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो, त्याचे कॅल्शियम कार्बोनेट बनते, आणि गेरू, पिवळी माती, काजळ यांचे कण त्या स्फटिकांच्या जाळीत अडकून राहतात. रंग भिंतीवर नसतो. तो भिंतीचाच भाग झालेला असतो.

अजिंठ्याची गोष्ट येथे वेगळी पडते. तेथील गिलावा मातीचा, त्यात साळीचे तूस आणि गवताचे तंतू मिसळलेले, आणि रंग सुक्या पृष्ठभागावर सेंद्रिय चिकट द्रव्याने बसविलेले. सूक्ष्मजीव आणि कीटक यांच्या दृष्टीने अशी भिंत म्हणजे भरलेले ताट होय. तंजावरच्या चुन्यात मात्र खाण्यासारखे काहीच नव्हते. ताजा चुना तर इतका अल्कधर्मी असतो की त्यावर बहुतेक बुरशी तग धरू शकत नाही. शतकांच्या ओघात ही अल्कधर्मिता उतरते आणि खाद्य बाहेरून येते.

हे खाद्य आणणारे अनेक होते. नंदादीपांच्या तेलाची काजळी भिंतीवर चिकट थर धरते. तो थर धूळ, परागकण आणि बीजाणू पकडून ठेवतो. वटवाघळांची विष्ठा आणि मूत्र यांतून नायट्रोजन येतो. त्यातील अमोनियाचे काही जिवाणू नायट्राइटमध्ये आणि दुसरे काही नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. या क्रमात तयार होणारे आम्ल चुन्याला विरघळविते आणि मागे क्षार ठेवते. ॲस्परजिलस, पेनिसिलियम, क्लॅडोस्पोरियम या बुरशी तर भारतातील जुन्या भिंतींवर सर्रास आढळतात. त्या ऑक्झॅलिक आणि सायट्रिक आम्ले स्रवतात. ऑक्झॅलिक आम्लाची कॅल्शियम कार्बोनेटशी क्रिया होऊन कॅल्शियम ऑक्झॅलेटचा करडा पापुद्रा चित्रावर चढतो. काही मायक्रोमीटर जाडीचे कवकतंतू गिलाव्याच्या बारीक भेगांत शिरतात आणि त्या रुंदावतात. काही बुरशींच्या पेशींत मेलॅनिन असते. त्यांचे काळे डाग पुसून जात नाहीत, कारण ते पृष्ठभागाच्या आतपर्यंत उतरलेले असतात.

या साऱ्याला चालना देणारी गोष्ट म्हणजे पाणी. जाड ग्रॅनाइटची भिंत हळूहळू तापते आणि हळूहळू निवते. ईशान्य मोसमी पावसाच्या दिवसांत बाहेरची दमट हवा आत शिरते, आणि भिंतीचे तापमान त्या हवेच्या दवबिंदूखाली असेल, तर चित्रावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पातळ पापुद्रा धरतो. भिंतीत क्षार असतील तर दवबिंदू गाठण्याचीही गरज उरत नाही. ते हवेतील बाष्प स्वतःच ओढून घेतात. हवा कोरडी झाली की हेच क्षार स्फटिक बनून फुगतात आणि रंगाचा थर आतून उचलतात. सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ६५ ते ७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीचे बीजाणू रुजू लागतात. म्हणून अशा ठिकाणी केवळ सरासरी आर्द्रता पाहून भागत नाही. वर्षातून किती वेळा भिंत ओली झाली आणि किती वेळा वाळली, ही मोजणी अधिक बोलकी असते.

तंजावरचा चोळ थर वाचला तो दोन गोष्टींमुळे, आणि दोन्ही विचार करायला लावणाऱ्या आहेत. पहिली म्हणजे त्यावर रंगविलेला नायक थर. ज्या चित्रकारांनी जुने चित्र झाकले, त्यांनीच नकळत त्याला काजळी आणि हवा यांपासून आडोसा दिला. दुसरी म्हणजे अंधार. शैवाल आणि सायनोबॅक्टेरिया यांना प्रकाशसंश्लेषणासाठी उजेड लागतो; अंधाऱ्या मार्गात हिरवा थर वाढू शकत नाही. चित्र पाहण्यासाठी लावलेला दिवाच चित्राचा शत्रू ठरू शकतो.

शोधानंतर एक अवघड प्रश्न उभा राहिला. खालचे चोळ चित्र पाहायचे तर वरचे नायक चित्र काढावे लागणार, आणि तेही तीनशे वर्षांहून जुने, स्वतंत्र मोलाचे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनज्ञांनी पुढे यावर तोड काढली. नायक थर गिलाव्यासह अखंड सोडवून तो फायबरग्लासच्या फलकांवर चढविण्यात आला. दोन्ही राजवटींची चित्रे राहिली. मात्र त्यांतील एक आपल्या मूळ भिंतीपासून कायमचे दुरावले.

जतनासाठी केलेली प्रत्येक कृती भिंतीच्या रसायनात काहीतरी भर घालते. निजाम सरकारने १९२० मध्ये अजिंठ्यासाठी चेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोन इटालियन तज्ज्ञ बोलाविले. सुटणारे रंग त्यांनी स्थिर केले, पण त्यासाठी वापरलेले शेलॅकचे रोगण काळाबरोबर पिवळे-तपकिरी पडले आणि ते उतरविण्यात पुढच्या पिढ्यांचे श्रम गेले. विसाव्या शतकात रूढ झालेले कृत्रिम बहुवारिकांचे लेपही सूक्ष्मजीवांना सर्वस्वी अखाद्य नाहीत, हे आता माहीत झाले आहे.

फ्रान्समधील लास्को गुहेचा अनुभव याहून कठोर आहे. १९४० मध्ये सापडलेली ही गुहा १९४८ मध्ये लोकांसाठी उघडली. प्रेक्षकांचे श्वास आणि विजेचे दिवे यांमुळे भिंती हिरव्या पडू लागल्या आणि १९६३ मध्ये ती बंद करावी लागली. २००१ मध्ये तेथे फ्युझॅरियमची पांढरी बुरशी पसरली. बेंझाल्कोनियम क्लोराइडचे फवारे मारण्यात आले. काही वर्षांनी काळे डाग दिसू लागले. नंतरच्या संशोधनात असे आढळले की या जैवनाशकाला दाद न देणारे जिवाणूच गुहेत प्रबळ झाले होते. एका प्रजातीला मारताना तिच्या स्पर्धकांसाठी जागा मोकळी होते, हा धडा दवाखान्यातील प्रतिजैविकांइतकाच भिंतीलाही लागू पडतो.

निदानाची साधने आता बदलली आहेत. काचेच्या बशीत वाढवून पाहण्याच्या जुन्या पद्धतीत भिंतीवरील सूक्ष्मजीवांचा अगदी लहान अंशच हाती लागत असे. कापसाच्या बोळ्याने हलकेच टिपलेल्या नमुन्यातील डीएनएवरून आज संपूर्ण समूहाची यादी करता येते. तरीही उपस्थिती म्हणजे अपराध नव्हे. डीएनए मृत पेशींचाही सापडतो, आणि अनेक प्रजाती भिंतीला काहीही न करता तेथे राहत असतात. कोण जिवंत आहे आणि आम्ल कोण स्रवते, हे ठरविण्यासाठी आरएनए, रासायनिक पृथक्करण आणि दीर्घ निरीक्षण लागते.

काही सूक्ष्मजीव तर कामाला लावण्यात आले आहेत. इटलीतील पिसा येथील काम्पोसांतोची भित्तिचित्रे १९४४ च्या आगीनंतर सरस लावलेल्या कापडावर सोडवून घेतली गेली होती. कालांतराने कठीण झालेला हा प्राणिज सरस रसायनांना हटेना, तेव्हा स्यूडोमोनास स्टुट्झेरी या जिवाणूने तो काही तासांत पचविला आणि खालचा रंग शाबूत राहिला. वेरूळमध्ये वेगळीच गोष्ट दिसली. राजदेव सिंह आणि मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ मध्ये तेथील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू असल्याचे दाखविले आणि कीटकांपासून झालेल्या बचावाशी त्याचा संबंध जोडला. अजिंठ्याच्या गिलाव्यात हे तंतू नाहीत.

बृहदीश्वर हे आजही चालते मंदिर आहे. तेथे दिवे लागतात, अभिषेक होतात, उत्सवात हजारो लोक येतात. ज्या पूजेसाठी ही चित्रे काढली गेली, तिच्याच धुराने ती झाकोळतात. चित्रांचा प्रदक्षिणामार्ग सामान्यतः बंद ठेवला जातो आणि लोकांना प्रतिकृतींवर समाधान मानावे लागते. ही किंमत विद्यार्थी आणि भाविक दोघेही मोजतात. मार्ग उघडावा की बंद ठेवावा, याचे उत्तर एकट्या जीवशास्त्रात नाही. पण ते उत्तर देणाऱ्यांच्या हाती निदान त्या भिंतीच्या तापमानाची, आर्द्रतेची आणि तेथे जगणाऱ्या सूक्ष्मजीवांची अनेक वर्षांची अखंड नोंद असली पाहिजे; कारण एकदा विरघळलेला चुना आणि त्याच्याबरोबर गेलेला रंग परत आणण्याची कोणतीही पद्धत उपलब्ध नाही.