दंडावरची पट्टी

लंडन, १६२७. सेंट पॉल कॅथेड्रलच्या जवळच फिजिशियन्सचं कॉलेज आहे. तिथे तुम्ही बाही सरकवून बसला आहात आणि एक बुटका, काळ्याभोर डोळ्यांचा डॉक्टर तुमच्या दंडाला पट्टी आवळतोय. हा विल्यम हार्वी. भोवती जमलेले वैद्य गेलनच्या शिकवणीत वाढलेत: अन्नापासून यकृतात रक्त तयार होतं, शिरांमधून अंगभर जातं आणि तिथेच जिरतं. चौदाशे वर्षं हेच चालत आलंय. तुम्हाला पुढचं माहीत असलं, तरी बोलू नका. नुसतं हाताकडे बघा.

पट्टी घट्ट होते. मनगटाची नाडी लागत नाही, पंजा गार पडू लागतो, पण फुगत नाही. पट्टीच्या वरच्या अंगाला धमनी मात्र जोरात उडतेय. मग हार्वी पट्टी जराशीच सैल करतो. ऊब सरसर बोटांपर्यंत उतरते, पंजा लाल होतो आणि शिरा टरारून वर येतात. धमनी खोलवर असते, शीर कातडीलगत. सैल पट्टीखालून रक्त आत येऊ शकतं, परत जायची वाट मात्र दाबलेलीच राहते.

फुगलेल्या शिरेवर जागोजागी गाठी दिसतात. त्या झडपा. हार्वीचे पादुआतले गुरू फॅब्रिशियस यांनीच त्यांचं वर्णन केलं होतं, पण त्या हातापायांकडे जाणारं रक्त आवरून धरतात असं त्यांना वाटे. हार्वी एक बोट शिरेवर दाबून ठेवतो आणि दुसऱ्या बोटाने रक्त वरच्या गाठीपलीकडे सारतो. मधली शीर रिकामीच राहते. वरचं रक्त खाली येत नाही. खालचं बोट उचललं, की ती खालूनच भरते. म्हणजे शिरेतली वाट एकाच दिशेची, हृदयाकडे.

पण मला सगळ्यात थोर वाटतो तो त्याचा हिशेब. एका ठोक्याला अर्धा औंस, म्हणजे जेमतेम १५ ग्रॅम रक्त बाहेर पडतं असं धरा. अर्ध्या तासात हजार ठोके. झालं १५ किलो! एवढं रक्त अंगात नसतंच, आणि कुणी कितीही जेवलं तरी तेवढ्या वेळात तयार होणार नाही. खरं तर हृदय ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त ढकलतं. हार्वीने आकडा मुद्दाम कमी धरला होता, तरी गेलनचं गणित कोसळलं. तेच रक्त फिरून येतं, दुसरा मार्गच नाही: अंगातून हृदयाच्या उजव्या बाजूला, तिथून फुफ्फुसांत, मग डाव्या बाजूला आणि पुन्हा अंगभर.

यातला फुफ्फुसांचा टप्पा पाहायला उडी घ्या १२४२ च्या कैरोत. तिथे इब्न अल-नफीस लिहितोय, की हृदयाच्या मधल्या भिंतीत गेलन म्हणतो तशी छिद्रं नाहीत. रक्त उजवीकडून डावीकडे फुफ्फुसांतूनच जातं.

हार्वीचं पुस्तक १६२८ मध्ये फ्रँकफर्टला छापलं गेलं. एक दुवा मात्र त्यात नव्हता: धमनीतलं रक्त शिरेत जातं कुठून? त्यासाठी १६६१ च्या बोलोन्यात, मार्चेल्लो माल्पिघीच्या सूक्ष्मदर्शकावर वाका. बेडकाच्या फुफ्फुसात केसाहून बारीक नळ्यांचं जाळं आहे, धमनीला शिरेशी जोडणारं. या केशवाहिन्या हार्वीला पाहायला मिळाल्या नाहीत. तो १६५७ मध्येच वारला होता.

शिक्षकांना एक विनंती. फळ्यावर हृदयाची लाल-निळी आकृती काढण्याआधी मुलांना हात खाली सोडून बसवा आणि मनगटावरची एखादी शीर दोन बोटांनी तपासू द्या. पट्टीसुद्धा लागत नाही.