बारा रोग्यांचा श्वास

माणूस पाण्यात बुडून मरतो, हे सर्वांस ठाऊक आहे. पण कोरड्या खाटेवर, मोकळ्या हवेतही तो बुडू शकतो. फुप्फुसात कोट्यवधी सूक्ष्म वायुकोश असतात. त्यांच्याभोवतीच्या केशवाहिन्या आणि आतील हवा यांमध्ये अत्यंत पातळ पडदा असतो. तो झिरपू लागला, की रक्तातील द्रव वायुकोशांत उतरतो आणि प्राणवायूची वाट अडते. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी फ्रेंच वैद्य लाएनेक यांनी हृदय निर्दोष असतानाही फुप्फुसात असे पाणी भरल्याचे नोंदवले होते.

या विकाराला स्वतंत्र ओळख मिळाली ती 1967 साली. अमेरिकेतील डेन्व्हर येथील ॲशबॉ, बिगेलो, पेटी व लेव्हिन यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात बारा रोग्यांची हकीकत दिली. कोणी अपघातात जबर जखमी झालेला, कोणाला विषाणूंचा संसर्ग, तर एकाच्या स्वादुपिंडाला सूज. कारणे निरनिराळी, परिणाम मात्र एकच. श्वास जलद, फुप्फुसे ताठर, आणि प्राणवायू देऊनही अंगावरची निळसर छटा हटेना. बारांपैकी सात दगावले. श्वास सोडल्यानंतरही वायुकोश मिटू नयेत, म्हणून यंत्राने थोडा दाब कायम ठेवला, तेव्हा पाचांपैकी तिघे वाचले. उरलेल्या सातांत दोघेच. त्याच काळी व्हिएतनामच्या युद्धातील जखमी सैनिकांतही हाच विकार दिसत होता.

प्रारंभी हा प्रौढांचा विकार समजला गेला. पण तो मुलांनाही होतो, हे ध्यानी घेऊन 1994 साली नावातील ‘प्रौढ’ शब्द वगळून ‘तीव्र’ शब्द रूढ करण्यात आला. न्यूमोनिया, रक्तात पसरलेला जंतुदोष, जठरातील द्रव श्वासनलिकेत जाणे, ही त्याची प्रमुख कारणे होत.

पुढे एक कटू सत्य उमगले. रोगी फुप्फुसाचा थोडाच भाग हवा घेण्यास मोकळा उरतो. यंत्राने नेहमीच्या हिशेबाने भरपूर हवा भरली, तर तोच निरोगी भाग ताणून दुखावतो. म्हणजे तारणारे यंत्रच मारक ठरत होते! 2000 साली अमेरिकेत 861 रोग्यांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उंचीवरून काढलेल्या वजनाच्या दर किलोस 12 ऐवजी 6 मिलिलिटर हवा दिल्यावर मृत्यूचे प्रमाण शेकडा 40 वरून 31 वर आले. रोग्यास दीर्घकाळ पालथे निजवण्याचा लाभ 2013 साली सिद्ध झाला. 2020 साली कोविडची साथ आली, तेव्हा जगभरच्या रुग्णालयांत हीच दोन साधी तत्त्वे कामी आली.

झिरपणारा पडदा हमखास बुजवील असे औषध अद्याप हाती नाही. मूळ कारणावर उपचार करावयाचा आणि फुप्फुस सावरेपर्यंत त्याला अधिक इजा होऊ द्यावयाची नाही, एवढेच वैद्याच्या हाती असते. पण तेवढ्यानेही अनेक माणसे घरी परतली आहेत.