मातृतंतूचा पाठ



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या स्मृतीस प्रथम वंदन करते. मराठीच्या अध्यापिकेने आनुवंशिक रोगांसारख्या विषयावर बोलावे, हे काहींना आगाऊपणाचे वाटेल. परंतु या विषयाचा इतिहास वाचीत असता मला सारखे जाणवत राहिले की, हे काम करणारी माणसे आमच्याच पंथातली आहेत. तीही जुन्या प्रतींचे पाठ ताडून पाहतात आणि शुद्ध काय, अशुद्ध काय याचा निवाडा करतात. म्हणून हे धाडस.

इंदूरकरांना वंशावळीचे प्रेम सांगावयास नको. मल्हारराव, खंडेराव, मालेराव ही नावे येथील शाळकरी मूलही ओळीने सांगेल. १७५४ साली खंडेराव कुंभेरीच्या वेढ्यात पडले, १७६६ साली मल्हारराव आणि १७६७ साली मालेराव निवर्तले. वंशवृक्षाच्या हिशेबी अहिल्याबाईंची शाखा तेथे खुंटली. पण त्यांना मुक्ताबाई ही कन्या होती. ती फणसे घराण्यात दिली होती. पतीच्या निधनानंतर १७९१ साली ती सती गेली. आज मी ज्या धाग्याविषयी बोलणार आहे, तो अहिल्याबाईंकडून मालेरावांना मिळाला होता. परंतु तो पुढे नेण्याचे सामर्थ्य होते ते मुक्ताबाईंपाशी. आपल्या कुलवृत्तांतांत कन्येची नोंद बहुधा 'अमक्यांस दिली' एवढ्यावर संपते. हा धागा नेमका तेथून पुढे चालू लागतो.

आपल्या पेशीच्या केंद्रकातील जनुके आई आणि वडील या दोघांकडून येतात. केंद्रकाबाहेर, पेशीला ऊर्जा पुरविणारे अनेक सूक्ष्म घटक असतात. कार्ल बेंडा या जर्मन शास्त्रज्ञाने १८९८ साली त्यांना ग्रीक भाषेतील 'धागा' आणि 'कण' या अर्थाच्या दोन शब्दांवरून माइटोकाँड्रिया हे नाव दिले. आमच्या परिभाषाकारांनी 'तंतुकणिका' असा त्याचा नेमका अनुवाद केला. या कणिकांना स्वतःचा डीएनए असतो, हे मार्गिट आणि सिल्व्हान नास या दांपत्याने १९६३ साली दाखविले. मनुष्यात तो आईकडूनच येतो, हे १९८० साली सिद्ध झाले. आईचा हा वारसा मुलाला आणि मुलीला सारखाच मिळतो. पुढच्या पिढीस तो देते मात्र केवळ मुलगी.

१९८१ साली केंब्रिज येथे, फ्रेडरिक सँगर यांच्या प्रयोगशाळेत, या डीएनएचे अक्षरन् अक्षर वाचून प्रसिद्ध झाले. एकंदर अक्षरे १६,५६९, जनुके ३७. केंद्रकातील सुमारे तीनशे कोटी अक्षरांच्या महाकाव्यापुढे ही एक लहानशी पोथीच म्हणावयाची. पण तिच्यात एखादे अक्षर बदलले तर डोळा, कान, स्नायू, मेंदू, हृदय अशा ऊर्जेचा मोठा व्यय करणाऱ्या अवयवांवर संकट येऊ शकते.

आता पोथ्यांच्या वाचनाविषयी थोडे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम हाती घेतले आणि ते १९६६ साली पूर्ण झाले. त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते पाहण्यात आली. या कार्याला शास्त्रशुद्ध बैठक दिली ती विष्णु सीताराम सुकथनकर यांनी. ते मूळचे गणिताचे अभ्यासक, हे येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. अनेक प्रती शेजारी मांडाव्यात, फरक टिपावेत, कोणत्या प्रती एका कुळातल्या ते ओळखावे आणि मगच एखाद्या अक्षराला अपपाठ म्हणावे, ही त्यांची शिस्त. पाठभेद म्हणजे अपपाठ नव्हे, हे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकविले.

याच शाळेची एक माजी विद्यार्थिनी आज पुण्यात तंतुकणिकांच्या आनुवंशिक रोगांवर संगणकाच्या साहाय्याने संशोधन करते. या शास्त्राला जैवमाहितीशास्त्र म्हणतात. तिच्या शेजारी बसून तिचे काम मी पाहिले. यंत्रातून रुग्णाच्या डीएनएचे शे-दीडशे अक्षरांचे असंख्य तुकडे येतात. संगणक ते प्रमाण-प्रतीवर जागच्या जागी बसवितो आणि जेथे अक्षर वेगळे, ती स्थाने टिपून देतो. खरे काम तेथून पुढचे. हा फरक निरोगी माणसांतही आढळतो काय? माकड, गाय, मासा या सर्वांत ते अक्षर कोट्यवधी वर्षे टिकून राहिले आहे काय? जगभरच्या नोंदी १९९६ पासून 'माइटोमॅप' या संग्रहात एकत्र होत आल्या आहेत. तेथे त्याविषयी काय म्हटले आहे? शिवाय तंतुकणिकांच्या डीएनएचे काही तुकडे फार प्राचीन काळी केंद्रकातील डीएनएत जाऊन बसले आहेत. ते मूळ पाठात मिसळले तर नसलेला दोष दिसू लागतो. 'सर, हे आपले प्रक्षेप,' असे म्हणावयाचे तिच्या ओठांवर आले होते. मग आपण सरांच्या नव्हे, मराठीच्या बाईंच्या पुढे बसलो आहोत हे आठवून ती हसली.

आणखी एक गुंता आहे. एकाच पेशीत या पोथीच्या शेकडो, हजारो प्रती असतात आणि काही घराण्यांत चांगल्या व बिघडलेल्या प्रती एकत्र नांदतात. बिघडलेल्यांचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले म्हणजेच बहुधा रोग प्रकट होतो. स्त्रीबीज घडताना यांपैकी थोड्याच प्रतींची निवड होते. त्यामुळे एकाच आईचे एक मूल आजारी आणि दुसरे धडधाकट असे घडू शकते. संशोधकाला म्हणून अक्षराबरोबर त्याचे प्रमाणही मोजावे लागते.

प्रमाण-प्रतीची कथाही मनोरंजक आहे. केंब्रिजची प्रत मुख्यत्वे एका युरोपीय व्यक्तीच्या वारेतील डीएनएवरून सिद्ध झाली होती. संदिग्ध जागी प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींचा आणि प्रसंगी गाईच्या पाठाचा आधार घेतला होता. १९९९ साली तिचे फेरवाचन झाले, तेव्हा काही चुका सापडल्या. एके ठिकाणी एक अक्षर चक्क अधिक पडले होते. ते काढावे तर पुढील सर्व स्थानांचे क्रमांक बदलणार आणि तोवरचे सारे लेखन निरुपयोगी होणार. म्हणून संपादकांनी ३१०७ व्या स्थानी रिकामी जागा राखून जुने क्रमांक कायम ठेवले. श्लोक गाळूनही श्लोकांक न बदलणाऱ्या संपादकाला हा शहाणपणा तत्काळ ओळखीचा वाटेल.

परंतु चुका दुरुस्त झाल्या तरी ती प्रत युरोपीय मातृकुळातलीच राहिली. भारतीयांपैकी निम्म्याहून अधिक लोक 'एम' नावाच्या वेगळ्या मातृकुळातले आहेत. अशा माणसाचा पाठ केंब्रिजच्या प्रतीशी ताडला तर तीस-चाळीस ठिकाणी फरक दिसतो, आणि तो माणूस पूर्ण निरोगी असतो. आपल्याकडील प्रती पुरेशा वाचलेल्या नसल्या, तर आपला नित्याचा पाठ परक्यांना अपपाठ वाटतो आणि खरा अपपाठ गर्दीत लपून राहतो.

या वाचनाची सिद्धता भारतात उशिरा झाली असे नाही. केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाने १९८६-८७ मध्ये जैवमाहिती केंद्रांचे देशव्यापी जाळे उभारण्यास प्रारंभ केला. पुणे विद्यापीठातील केंद्र त्यांतले एक. अशोक कोळसकर यांच्या नेतृत्वाखाली ते नावारूपास आले. प्रथिनाच्या अक्षरमालेवरून त्याचा कोणता भाग रोगप्रतिकारशक्तीस जागवील, हे ताडण्याची कोळसकर आणि टोणगावकर यांची १९९० सालची पद्धती आजही जगभर वापरली जाते. पुण्यातच १९८८ साली 'सी-डॅक' ही संस्था निघाली आणि १९९१ साली विजय भटकर यांच्या मार्गदर्शनाखाली 'परम' हा महासंगणक सिद्ध झाला. आपल्या इंदुरातही देवी अहिल्या विद्यापीठात जैवतंत्रज्ञानाचे अध्यापन चालते आणि २००९ पासून येथे आयआयटी आहे. २०२० साली सुरू झालेल्या 'जीनोम इंडिया' प्रकल्पात देशातील सुमारे दहा हजार व्यक्तींचे जनुकसंच वाचले गेले. जानेवारी २०२५ मध्ये ती सामग्री संशोधकांना खुली झाली. आपल्या प्रती आता कोठे ग्रंथालयात येऊ लागल्या आहेत.

हे सारे सांगण्याचे कारण माझ्या आजोळात आहे.

१९६० च्या सुमारास माझ्या थोरल्या मामांना क्षय झाला. स्ट्रेप्टोमायसिनच्या इंजेक्शनांनी ते बरे झाले, पण त्यांचे ऐकणे गेले. काही वर्षांनी मावशीचेही तसेच झाले. घरात आणि घराबाहेर लोक माझ्या आजीविषयी म्हणत, 'हिच्या पोटालाच दोष आहे.' आजी चुलीपुढे बसून ते ऐके आणि भाकरी थापीत राही. तिने कधी उत्तर दिल्याचे मला स्मरत नाही.

पुढे १९९३ साली शास्त्रज्ञांनी दाखविले की, तंतुकणिकांच्या डीएनएतील १५५५ व्या स्थानी एक विशिष्ट अक्षरबदल असेल, तर स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन यांसारख्या औषधांनी बहिरेपण येऊ शकते, आणि हा बदल आईकडून येतो. हे वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही. लोक म्हणत तेच शास्त्राने खरे ठरविले की काय? मामा, मावशी, आजी यांपैकी आज कोणी नाही. परंतु आजीचा तंतू आईच्या द्वारे माझ्यापर्यंत आलेला आहे. गेल्या वर्षी मी रक्त दिले.

अहवालात केंब्रिजच्या प्रतीहून तीसहून अधिक फरक होते. माझ्या विद्यार्थिनीने एकेक स्थान समजावून दिले. सारे फरक आपल्याकडील 'एम' कुळात नित्य आढळणारे, निरुपद्रवी. १५५५ व्या स्थानी अक्षर मूळचेच होते. ती औषधे अधिक मात्रेत कोणाच्याही कानास बाधू शकतात. मामांच्या बाबतीत काय घडले, ते आता कळणार नाही. आजीच्या पोथीत पाठभेद होते, अपपाठ सापडला नाही.

मित्रहो, माझे समाधान एवढ्यावर झाले असते तर हे व्याख्यान दिले नसते. समजा, ते अक्षर बदललेले निघाले असते, तर आजी दोषी ठरली असती काय? लेबर या नेत्रवैद्याने १८७१ साली वर्णिलेला एक रोग आहे. ऐन विशीतल्या तरुणाची दृष्टी काही आठवड्यांत, काही महिन्यांत जाते. बाधा मुलग्यांना अधिक होते आणि आई बहुधा धडधाकट असते. १९८८ साली डग्लस वॉलेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे मूळ ११,७७८ व्या अक्षरात शोधून काढले. ती आई आपल्या आईकडून, ती तिच्या आईकडून, असा हा तंतू चालत आलेला. नकलणाऱ्याच्या हातून कोणे एके काळी सुटलेल्या अक्षरासाठी आपण पोथी जपणाऱ्याला दंड करीत नाही.

शिवाय तंतुकणिकांचा प्रत्येक रोग आईकडून येतो, हेही खरे नाही. या कणिकांना लागणाऱ्या हजाराहून अधिक प्रथिनांपैकी फक्त १३ प्रथिनांचा पाठ त्यांच्या स्वतःच्या डीएनएत आहे. उरलेली सारी केंद्रकातून, म्हणजे आई आणि वडील दोघांच्या वारशातून येतात. त्यांपैकी पुष्कळ रोग दोघांकडून एकेक सदोष प्रत आली म्हणजेच प्रकट होतात, आणि आप्तांत किंवा लहानशा जातगटात विवाह होत राहिले म्हणजे ही गाठ पडण्याचा संभव वाढतो. इरावती कर्वे आणि कैलाशचंद्र मल्होत्रा यांनी १९६८ साली समान दर्जाच्या आठ अंतर्विवाही गटांची जैविक तुलना केली, तेव्हा त्यांनी याच सीमारेषांकडे लक्ष वेधले होते. बोट दाखवायचेच तर ते एका स्त्रीकडे न जाता आपल्या सर्वांच्या चालीरीतींकडे जावे.

या ज्ञानाची फळेही दिसू लागली आहेत. ब्रिटनने २०१५ साली कायद्याने मान्य केलेल्या पद्धतीने, दुसऱ्या स्त्रीच्या निरोगी तंतुकणिकांच्या साहाय्याने, आठ बालके जन्मल्याचे वृत्त जुलै २०२५ मध्ये न्यूकॅसलच्या वैद्यांनी प्रसिद्ध केले. ही गोष्ट आपल्यापासून दूर आहे, महाग आहे. पण त्याहून सोपे, आजच करता येण्यासारखे एक काम आहे. वैद्यांनी 'घरात कोणाला काही आजार?' असे विचारले की आपण वडिलांकडचे सांगतो. आजोळचेही सांगावे. मामा बहिरे झाले का, मावसभावाची दृष्टी लहान वयात गेली का, हे कळले तर एखादे औषध टळेल आणि एखादे मूल ऐकत राहील.

माजी विद्यार्थ्यांना माझी एवढीच विनंती. घरी गेल्यावर एक कोरा कागद घ्यावा. त्यावर आपले नाव, त्याखाली आईचे, तिच्या आईचे, तिच्याही आईचे नाव लिहावे आणि त्यांच्या मुलाबाळांच्या प्रकृतीविषयी ठाऊक असेल ते टिपावे. मी लिहू लागले, तेव्हा चौथ्या नावापाशी अडले. माझ्या पणजीच्या आईचे नाव सांगणारे आज कोणीही उरलेले नाही. तिचा तंतू माझ्यात आहे, तिचे नाव नाही. आपल्यापैकी ज्यांच्या आजी अजून हयात आहेत, त्यांनी आजच विचारावे.