अल्बेनियातील शस्त्रलूट, १९९७
अल्बेनियातील शस्त्रलूट, १९९७ : अल्बेनियात मार्च १९९७ मध्ये नागरिकांनी सैन्याच्या व पोलिसांच्या शस्त्रागारांची केलेली लूट. बंदुका सर्वांच्या हाती आल्या म्हणजे संघर्षाचे स्वरूप कसे पालटते, याचे हे ठळक उदाहरण होय.

परकीय आक्रमणाच्या भीतीने एन्व्हर होजाच्या साम्यवादी राजवटीने (१९४४–८५) देशभर शस्त्रसाठे केले होते. राजवट गेली, साठे राहिले. पुढे भरमसाट व्याजाचे आमिष दाखविणाऱ्या कंपन्या निघाल्या. नव्या ठेवींतून जुन्या ठेवीदारांचे व्याज भागविणाऱ्या या योजना जानेवारी १९९७ पासून कोसळल्या आणि असंख्य कुटुंबांची बचत बुडाली. व्ह्लोरा व इतर दक्षिणी शहरांत उठाव झाला. सैनिकांनी छावण्या सोडताच पाच लाखांहून अधिक बंदुका लोकांच्या हाती पडल्या. त्यांत कलाश्निकॉव्ह बनावटीच्या रायफली विपुल होत्या. देशाची लोकसंख्या तेव्हा सुमारे तीस लाख होती.

त्या वर्षी सुमारे २,००० लोक मृत्युमुखी पडले. अनेकांचा बळी समोरासमोरच्या लढाईत नव्हे, तर टोळ्यांची भांडणे, लुटालूट, कुलवैर आणि हवेत झाडलेल्या गोळ्या यांमुळे गेला. इटलीच्या नेतृत्वाखालील बहुराष्ट्रीय सेना संयुक्त राष्ट्रांच्या संमतीने एप्रिलमध्ये दाखल झाली. जूनमधील निवडणुकीने सत्तांतर झाले. तथापि बहुसंख्य शस्त्रे परत आली नाहीत.

त्यांपैकी काही सीमेपलीकडे कोसोव्होत गेली. तेथे इब्राहिम रुगोव्हा यांच्या नेतृत्वाखाली अल्बेनियन समाजाने अहिंसक प्रतिकार चालविला होता. सर्बियन दडपशाही हे तेथील असंतोषाचे मूळ. परंतु शस्त्रांची चणचण संपल्याने कोसोव्हो मुक्तिसेनेचे बळ वाढले व १९९८ मध्ये युद्ध भडकले.

शस्त्रे परत मिळविण्याचा एक वेगळा प्रयोग १९९९ मध्ये ग्राम्श जिल्ह्यात झाला. तेथे पूर्वी रायफलींचा कारखाना होता. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने शस्त्रे देणाऱ्या व्यक्तींना पैसे न देता गावांना रस्ते, दिवे, दूरध्वनी यांसारख्या सोयी दिल्या. सुमारे ६,००० शस्त्रे जमा झाली. लुटीच्या मानाने हा आकडा अल्प होता. बंदुका हे असंतोषाचे कारण नसले, तरी त्या विखुरल्यावर किरकोळ तंटाही प्राणघातक ठरतो. त्या वाटल्या जाण्यास काही आठवडे पुरले. त्या गोळा करण्यासाठी मात्र शासनावरील विश्वास नव्याने उभारावा लागला.