पहिली घटनादुरुस्ती आणि आपण

गेल्या जयंतीला आमच्या महाविद्यालयात व्याख्यान झाले. ‘घटनेच्या एका अक्षरालाही हात लावू देणार नाही’ असे वक्ते गरजले आणि सभागृह टाळ्यांनी दणाणून गेले. मीही टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी वर्गात एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, कॉलेजातल्या आपल्या राखीव जागा मूळ घटनेतच होत्या ना?” मी क्षणभरही न थांबता ‘हो’ म्हणालो. घरी येऊन घटना उघडली आणि ओशाळलो. ज्या कलमाच्या आधाराने मी, अंगठा उठवणाऱ्या बापाचा मुलगा, पदवीपर्यंत पोहोचलो, ते कलम १५(४) हे २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या घटनेत नव्हतेच. ते दुरुस्तीने आले.

हा इतिहास आपल्या सभांतून फारसा सांगितला जात नाही. मद्रास प्रांतात सरकारी वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांतील जागा ‘कम्युनल जी. ओ.’ या आदेशाने वाटल्या जात. दर १४ जागांमागे ६ ब्राह्मणेतर हिंदूंना, २ मागास हिंदूंना, २ ब्राह्मणांना, २ हरिजनांना (शब्द त्या सरकारी कागदातला), १ अँग्लो-इंडियन व भारतीय ख्रिस्ती यांना आणि १ मुसलमानांना. घटना लागू होताच चंपकम दोराईराजन या ब्राह्मण स्त्रीने आणि श्रीनिवासन या ब्राह्मण तरुणाने या आदेशाला आव्हान दिले. गंमत अशी, की चंपकमबाईंनी वैद्यकीय प्रवेशासाठी अर्जच केलेला नव्हता. नुसत्या चौकशीवरून त्यांनी न्यायालय गाठले. आपल्या वस्तीत अर्ज नाकारला गेला तरी कोर्टाची पायरी चढायला माणूस धजत नाही, आणि इथे अर्जाविनाच मूलभूत हक्काचा भंग सिद्ध झाला! उच्च न्यायालयाने आदेश रद्द केला आणि ९ एप्रिल १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी तो निकाल कायम केला.

न्यायालयाचा युक्तिवाद नीट समजून घेतला पाहिजे, केवळ शिव्या देऊन भागणार नाही. कलम २९(२) सांगते, की सरकारी शिक्षणसंस्थेत केवळ धर्म, वंश, जात वा भाषेच्या कारणावरून कोणालाही प्रवेश नाकारता येणार नाही. नोकरीच्या बाबतीत मागास वर्गांसाठी १६(४) हा अपवाद घटनेत होता. शिक्षणाच्या बाबतीत तसा अपवाद नव्हता. दुर्बल वर्गांच्या, विशेषतः अनुसूचित जाती-जमातींच्या, शैक्षणिक हिताची काळजी घ्या असे सांगणारे कलम ४६ होते. पण ते मार्गदर्शक तत्त्व. मूलभूत हक्कापुढे त्याला दुय्यमच राहावे लागेल, असे न्यायालय म्हणाले. म्हणजे समतेची भाषा शब्दशः वाचली, तर ती समतेची वाट अडवू शकते, हे प्रजासत्ताकाच्या दुसऱ्याच वर्षी दिसून आले.

मद्रासेत पेरियारांच्या अनुयायांनी रान उठवले. मे १९५१ मध्ये नेहरूंनी दुरुस्ती विधेयक मांडले, कायदेमंत्री म्हणून बाबासाहेबांनी त्याची बाजू लढवली, आणि १८ जून १९५१ रोजी ते कायदा झाले. सार्वत्रिक निवडणूक अजून व्हायची होती. संसद हंगामी होती.

पण याच दुरुस्तीच्या पोटात आणखीही काही होते, आणि ते लपवून आपल्याला चालणार नाही. मुंबईहून निघणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’ या डाव्या साप्ताहिकावर मद्रास सरकारने घातलेली बंदी न्यायालयाने १९५० मध्ये उठवली होती. त्याला उत्तर म्हणून भाषणस्वातंत्र्यावर ‘सार्वजनिक सुव्यवस्थे’चे बंधन आले. आपल्या मोर्चांवर, आपल्या शाहिरांवर सुव्यवस्थेच्या नावाने काठी उगारली जाते, तेव्हा त्या काठीचे मूळही १९५१ मध्येच सापडते. नववे परिशिष्टही याच दुरुस्तीचे. त्यातल्या १३ कायद्यांत मुंबईचा १९४८ चा कूळकायदा होता, म्हणून जमीनदारांना तो मूलभूत हक्कांच्या आधाराने कोर्टात पाडता येईना. कुळांचे भले झाले. मात्र ज्याचे नाव कूळ म्हणूनही कोणत्या कागदावर नव्हते, त्या शेतमजुराच्या हाती त्यातून काय आले, हे गावात जाऊन पाहावे.

पुढेही हेच चक्र फिरत राहिले. १९९२ च्या मंडल निकालाने बढतीतील आरक्षण अडवले, तेव्हा १९९५ मध्ये ७७ वी दुरुस्ती झाली. ऑगस्ट २००५ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या इनामदार प्रकरणात, विनाअनुदानित खासगी महाविद्यालयांवर सरकारला राखीव जागा लादता येणार नाहीत असे ठरले, तेव्हा ९३ वी आली. आपल्या वाट्याचे पुष्कळसे असे दुरुस्त्यांतून आलेले आहे. म्हणून दुरुस्ती या शब्दालाच घाबरणे मला आता पटत नाही. प्रश्न वेगळा आहे: लेखणी कोणाच्या हातात होती आणि त्या वेळी आपली माणसे कुठे होती?

१९५१ च्या कलमात ‘सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या’ मागास असे शब्द आले; ‘आर्थिक’ हा शब्द त्यांच्या शेजारी बसला नाही. अडुसष्ट वर्षांनी १०३ व्या दुरुस्तीने तो आणला, आणि आर्थिक दुर्बलांच्या त्या दहा टक्क्यांतून अनुसूचित जाती, जमाती व इतर मागास यांच्यातले गरीब तेवढे वगळले. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती तीन विरुद्ध दोन मतांनी वैध ठरवली.

पुढच्या तासाला मी वर्गात माझी चूक कबूल केली. तीच मुलगी पुन्हा उठली. “मग सर, २०१९ मध्ये आपल्या खासदारांनी काय केले?” आम्ही मिळून नोंदी काढल्या. ८ जानेवारी २०१९ रोजी विधेयक लोकसभेत मांडले गेले आणि त्याच दिवशी संमतही झाले. बाजूने ३२३ मते, विरोधात ३. अनुसूचित जातींसाठी राखीव मतदारसंघ किती, तेही तिनेच शोधून फळ्यावर लिहिले: ८४.