सायफन सांडवा-पेटी: पाणी सांडते ते वीज आल्यावर

रायगडच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात वीज जाणे ही काही बातमी नव्हे. नारळाची झावळी तारांवर पडली, तरी गाव अंधारात जाते. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर धडकले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड भागातील अनेक गावांत वीजपुरवठा पूर्ववत होण्यास कित्येक आठवडे लागले. अशा ठिकाणी घरात मोठे मत्स्यालय ठेवणाऱ्याला माशांना प्राणवायू कसा मिळेल, याची चिंता असतेच. टाकीच्या मागे टांगलेल्या सायफन सांडवा-पेटीकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. या पेटीची खरी कसोटी वीज परत येते त्या क्षणी लागते.

मोठ्या, विशेषतः खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात गाळण्या, हीटर वगैरे सामग्री खालच्या कपाटातील दुसऱ्या टाकीत ठेवतात. हौशी मंडळी तिला 'संप' म्हणतात. मराठीत या शब्दाचा अर्थ काम बंद असा असला, तरी येथे काम चोवीस तास चालते. वरच्या टाकीतील पाणी खाली उतरते आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. टाकीच्या काचेला भोक असेल तर पाणी सहज उतरते. भोक नसेल तर ते काठावरून ओलांडून न्यावे लागते. त्यासाठी एक पेटी टाकीच्या आत, दुसरी बाहेर टांगतात आणि दोहोंना उलट्या 'यू' आकाराच्या नळीने जोडतात. ही नळी म्हणजेच सायफन.

सायफनमागील विज्ञान शाळेत शिकवले जाते. तरीही २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातील भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन ह्यूज यांना ऑक्सफर्डच्या कोशातील त्याची व्याख्या सदोष असल्याचे निदर्शनास आणावे लागले. पाणी उतरते ते गुरुत्वाकर्षणामुळे, हवेच्या दाबामुळे नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. मत्स्यालयवाल्याने लक्षात ठेवायचे ते एवढेच, की नळी पाण्याने पूर्ण भरलेली असेल तोवरच सायफन चालतो. तिच्या माथ्यावर पुरेशी हवा साठली, की प्रवाह तुटतो.

हवा येते कोठून?

वीज गेली की पंप थांबतो, वरचे पाणी पेटीच्या दातेरी काठापर्यंत उतरते आणि थबकते. दोन्ही पेट्यांत पाणी राहावे अशीच त्यांची रचना असते, त्यामुळे नळी भरलेली राहते. वीज आल्यावर पंप सुरू होतो, पाणी काठावरून आत येते आणि सायफन आपोआप चालू लागतो. नव्या, स्वच्छ पेटीत हे बिनचूक घडते.

अडचण काही महिन्यांनी सुरू होते. नळीच्या माथ्यावरील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, त्यामुळे पाण्यात विरघळलेले वायू तेथे बुडबुड्यांच्या रूपाने सुटतात. प्रवाह वेगवान असेल तर ते वाहून जातात, मंद असेल तर माथ्यावर साचतात. म्हणूनच लहान पंपाला मोठी नळी जोडणे ही सुरक्षितता नसून चूक आहे. काही पेट्यांत ही हवा ओढून घेण्यासाठी छोटा पंप जोडलेला असतो. पण त्याचा पडदा क्षाराने अडला किंवा बारीक नळीला चीर गेली, तर तोच पंप निकामी होतो. याशिवाय शेवाळ आणि गोगलगायी आहेतच. पेटीच्या दातांत अडकलेली एक गोगलगायही पुरेशी होते.

सायफन तुटला तरी पंपाला त्याचा पत्ता नसतो. तो खालचे पाणी वर चढवत राहतो आणि टाकी काठावरून सांडू लागते. मुंबई-पुण्याच्या कुटुंबांची अलिबाग, नागाव, काशीद परिसरातील घरे सोमवार ते शुक्रवार बंद असतात. तेथे हे खारे पाणी कपाटातील विजेच्या बोर्डावर पडले, तर प्रश्न केवळ फरशीचा राहत नाही.

भरवसा सायफनवर नको, हिशेबावर हवा

दोन नळ्या लावल्या तर धोका घटतो, संपत नाही. एकच शेवाळ दोन्ही नळ्यांत वाढते. खरा बंदोबस्त खालच्या टाकीत आहे. १२० सेंटिमीटर लांब व ४५ सेंटिमीटर रुंद टाकीत पाण्याची पातळी एक सेंटिमीटर वाढली, की ५.४ लिटर पाणी वाढते. पंप चालू असतानाची पातळी काठापासून तीन सेंटिमीटर खाली असेल, तर टाकीत आणखी सुमारे १६ लिटर मावते. आता पंपाचा कप्पा ३० बाय ४० सेंटिमीटरचा असून पंपाच्या तोंडावर १५ सेंटिमीटर पाणी असेल, तर ते १८ लिटर भरते. म्हणजे दोन लिटर जमिनीवर. तेच पाणी १२ सेंटिमीटर ठेवले, तर १४.४ लिटर वर चढल्यावर पंप कोरडा पडतो आणि फरशी कोरडी राहते. पंप कोरडा चालून जळू नये म्हणून पातळी घटताच तो बंद करणारा तरंगता स्विच बसवावा. बाष्पीभवनाची तूट आपोआप भरणारी यंत्रणा असेल, तर तिच्या साठ्यातील पाणीही या हिशेबात धरावे. कप्पा रिकामा होताना ती इमानेइतबारे नवे पाणी ओतत राहते. हा तपशील हमखास विसरला जातो.

उलट बाजूही पाहावी. वीज गेल्यावर परतीच्या पाइपातून पाणी उलटे उतरते. पाइपाचे तोंड पाच सेंटिमीटर बुडालेले असेल, तर वरील टाकीतून २७ लिटर पाणी खाली येऊ शकते. ते रोखण्यासाठी पाइपाला पाण्याच्या पातळीलगत बारीक छिद्र पाडतात. मात्र ते शेवाळाने बुजते. खालच्या टाकीत तेवढी जागा रिकामी हवीच.

नवे मत्स्यालय बनवून घेत असाल, तर काच जोडण्यापूर्वीच भोक पाडून घेणे उत्तम. रायगडच्या खारभूमीच्या बांधांतील उघाडी ओहोटीला आतले पाणी आपोआप बाहेर सोडते, ते कोणाला ओढून सुरू करावे लागत नाही. भोक पाडलेल्या टाकीचा सांडवाही तसाच काम करतो. तोही कचऱ्याने तुंबू शकतो, म्हणून जाणकार शेजारी दुसरे, राखीव भोक ठेवतात. टफन्ड काचेला मात्र नंतर भोक पाडता येत नाही, ती फुटते. भाड्याच्या घरात किंवा मासे असलेल्या जुन्या टाकीला सायफन पेटीच लावावी लागते, हेही खरे.

ती लावलीच असेल, तर बोर्ड टाकीच्या खाली न ठेवता बाजूला, उंचावर लावावा, वायरीला बोर्डाखाली झोल द्यावा, म्हणजे ओघळ तेथेच गळून पडतो. घरात आरसीसीबी असावी. आणि एकदा चाचणी घ्यावी: पंप अर्धा तास बंद ठेवून पुन्हा सुरू करावा, मग नळी मुद्दाम काढून पंप चालूच ठेवावा आणि पाणी काठाखाली थांबते का ते पाहावे. ही चाचणी मासे सोडण्यापूर्वी, बादली आणि फडके हाताशी ठेवून करावी.